कप्प्यांना कुंपण



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, बोइसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील अपघातांवर बोलावे. त्याने संगणकाच्या ‘सी’ भाषेत आणि बिनतारी यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये कशाला डोके घालावे, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. हा विषय आम्ही महाविद्यालयात शिकलेलो नाही. पुस्तके, सर्वांना वाचायला खुला असलेला लिनक्सचा मजकूर आणि काही जाणकार तरुण मित्र यांच्या आधाराने जे समजले तेच आपल्यापुढे ठेवणार आहोत. पण जसजसे समजत गेले, तसतसे असे दिसू लागले की हा प्रश्न आपल्या जुन्या ओळखीचा आहे. चालत्या यंत्राला कुंपण असावे की नसावे, आणि ते नसल्यामुळे बोट तुटले तर दोष कोणाचा, हाच तो प्रश्न होय.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने यंत्राच्या धोक्याच्या फिरत्या भागांना भक्कम कुंपण घालण्याचे बंधन घातले. कलम तेवढ्यावर थांबले नाही. यंत्र चालू असेपर्यंत ते कुंपण जागेवर राहिले पाहिजे, असेही त्याने बजावले. ज्यांनी हे लिहिले त्यांना कारखाना ठाऊक होता. गार्ड काढून कोपऱ्यात ठेवायचे, उत्पादन काढायचे, आणि इन्स्पेक्टर येणार म्हटले की पुन्हा बसवायचे, ही रीत त्यांना माहीत होती. पुढे कायद्यांची नावे बदलली, संहिता आल्या. परंतु त्या कलमामागचे तत्त्व जुने होत नाही. ते तत्त्व असे की, केवळ ‘सांभाळून काम कर’ असे माणसाला सांगणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. सुरक्षितता यंत्राच्या अंगातच असली पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे येऊ. संगणकाची स्मृती, म्हणजे मेमरी, ही एक लांबच लांब चाळ आहे असे समजा. एकाला लागून एक खोल्या, आणि प्रत्येक खोलीला क्रमांक. एकाच प्रकारची माहिती ठेवण्यासाठी या चाळीतल्या लागोपाठच्या काही खोल्या राखून ठेवल्या की त्यांना ‘अ‍ॅरे’ म्हणतात. आपण त्यांना कप्पे म्हणू. चार कप्पे राखले, तर त्यांचे क्रमांक शून्य, एक, दोन आणि तीन. आता कोणी चौथ्या क्रमांकाच्या कप्प्यात सामान ठेव असे सांगितले तर काय व्हावे? शहाणा चाळमालक म्हणेल, असा कप्पाच नाही. सी भाषा तसे म्हणत नाही. ती मुकाट्याने शेजाऱ्याचे दार उघडते आणि त्याच्या घरात सामान टाकते. शेजारी कोण राहतो यावर पुढचे अवलंबून. तेथे कामाची नसलेली माहिती असली तर काहीच कळत नाही. आणि ‘पुढचे काम कोठे जाऊन करायचे’ याचा पत्ता तेथे असला, तर तो पुसला जाऊन परक्याचा पत्ता तेथे बसतो, आणि यंत्र परक्याचे काम करू लागते.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. त्या काळची यंत्रे लहान, मेमरी महाग. तेव्हा भाषा सडसडीत असणे हा गुण होता. परंतु या भाषेत एक गोष्ट राहून गेली. कप्पे एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे सोपवताना फक्त पहिल्या कप्प्याचा पत्ता दिला जातो. एकूण कप्पे किती, हे त्याबरोबर जात नाही. गोणी पोचते, पण तिच्यावर वजनाची चिठ्ठी नाही. वजन प्रत्येकाने लक्षात ठेवायचे, किंवा वेगळे विचारून घ्यायचे. विसरला तर तो निष्काळजी ठरला!

हा धोका कोणाला दिसलाच नव्हता असे मात्र नाही. इंग्लंडातील संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात आपला जुना अनुभव सांगितला आहे. १९६० नंतरच्या वर्षांत एलियट कंपनीत असताना त्यांनी अल्गॉल भाषेचा कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम, बनवला. त्यात दर वेळी कप्प्याचा क्रमांक मर्यादेत आहे की नाही हे तपासले जाई. काही वर्षांनी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारले, की वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ काय? गिऱ्हाइकांनी एकमुखाने सांगितले, देऊ नका. आमच्या चालू कामात अशा किती चुका सापडतात ते आम्हांला ठाऊक आहे. आणि होअर यांनी पुढे म्हटले ते आमच्यासारख्याने कान देऊन ऐकण्याजोगे आहे. अभियांत्रिकीच्या कोणत्याही प्रतिष्ठित शाखेत इतकी प्राथमिक खबरदारी न घेणे केव्हाच कायद्याविरुद्ध ठरले असते, अशा आशयाचे ते बोलले. आमचे कलम एकवीस आणि होअर यांचे म्हणणे यांत शब्दांपलीकडे काही फरक आहे काय?

त्या भाषणानंतर आठ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, त्याची किंमत जगाने मोजली. मॉरिस वर्म या नावाने ओळखला जाणारा प्रोग्राम त्या वेळच्या इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक खोळंबले. त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट अशी होती, की ५१२ बाइटच्या कप्प्यात त्याहून लांब मजकूर ढकलायचा. सी भाषेतील ‘गेट्स’ नावाचे जे हत्यार तेथे वापरले होते, त्याला ‘जागा किती आहे’ हे सांगण्याची सोयच नव्हती. हे हत्यार सी भाषेच्या प्रमाणातून २०११ साली काढून टाकण्यात आले. धोका जगजाहीर झाल्यावर २३ वर्षांनी! बिनगार्डाचे यंत्र मोडीत निघायला किती वेळ लागतो, हे कामगारांना वेगळे सांगायला नको.

हे झाले सर्वसाधारण. बिनतारी यंत्रात हा धोका अधिक का, ते पाहू. तारेने येणाऱ्या निरोपाला निदान तार लागते. वाय-फायचा निरोप हवेतून येतो, आणि तो कोणाचा आहे हे ठरण्यापूर्वीच आपल्या यंत्राला वाचावा लागतो. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी येथे आहे’ अशी दवंडी पिटतो. तिला बीकन म्हणतात. आपला फोन पासवर्ड देण्याच्या आधी, खिशात असतानाच, अशा सगळ्या दवंड्या ऐकतो. या निरोपांतील पुष्कळ तुकडे एका ठरावीक साच्याचे असतात: पहिला बाइट प्रकार सांगतो, दुसरा बाइट ‘पुढे इतका मजकूर आहे’ हे सांगतो, आणि मग मजकूर. नेटवर्कच्या नावाला नियमाने ३२ बाइटच मिळतात. पण लांबीच्या त्या बाइटात २५५ पर्यंत कोणताही आकडा लिहिता येतो. लिहिणाऱ्याचा हात कोण धरणार?

म्हणून येथे तीन मापे असतात, आणि ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत. पाठवणारा सांगतो ते एक माप, प्रत्यक्ष हाती आले ते दुसरे, आणि आपल्या कप्प्यात मावेल ते तिसरे. ज्या मुलुखाने खावटीचे धान्य आणि सावकाराची वही पाहिली, त्याला या तिन्हींतला फरक समजावण्याची गरज नाही. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच रूढ झाला नाही. समोरचा सांगतो ते माप प्रमाण धरून चालणारा माणूस फसतो. ड्रायव्हरही तसाच फसतो.

ड्रायव्हर म्हणजे काय, तेही सांगून ठेवतो. वाय-फायची चिप आणि संगणकाचा मूळ कारभारी, म्हणजे कर्नल, यांच्यामध्ये निरोप्याचे काम करणारा प्रोग्राम तो ड्रायव्हर. लिनक्समध्ये तो कर्नलच्याच घरात राहतो आणि त्या घरात आतून दारे नाहीत. त्यामुळे निरोप्याची चूक ही साऱ्या घराची चूक होते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. रिअलटेक कंपनीच्या चिपांसाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर आहे, त्यातील एक दोष ऑक्टोबर २०१९ मध्ये उघड झाला. तो कित्येक वर्षे तेथे बसून होता. राउटरशिवाय दोन यंत्रांनी परस्पर बोलण्याची एक पद्धत आहे, तिला वाय-फाय डायरेक्ट म्हणतात. त्यात वीज वाचावी म्हणून एक यंत्र दुसऱ्याला आगाऊ कळवते, की मी अमुक वेळ हजर नसेन. या निरोपाचे नावच ‘गैरहजेरीची सूचना’ असे आहे. हजेरीपटाशी आयुष्यभर झटलेल्या माणसाला हे नाव वाचून गंमत वाटली, हे कबूल केले पाहिजे.

गैरहजेरीच्या प्रत्येक नोंदीला १३ बाइट लागतात. ड्रायव्हरने अशा दोन नोंदींपुरतेच कप्पे राखले होते. निरोप आला की त्यात सांगितलेल्या लांबीतून दोन वजा करायचे, तेराने भागायचे, आणि जे उत्तर येईल तितक्या नोंदी उतरवून घ्यायच्या. लांबी २८ असली तर नोंदी दोन. पण कोणी मुद्दाम १३२ लांबीचा निरोप पाठवला तर? उत्तर येते दहा. दोन नोंदींच्या जागेत दहा नोंदी! उरलेल्या आठ शेजाऱ्यांच्या घरात. असा निरोप पाठवणाऱ्याला आपला पासवर्ड लागत नाही, तो केवळ बिनतारी टप्प्यात असला की पुरे. त्याने यंत्र कोसळू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे परक्याच्या ताब्यात जाण्याचीही शक्यता राहते.

या प्रकरणातील सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे. लिहिणारा बेफिकीर नव्हता. तेराने पूर्ण भाग जातो की नाही हे त्याने तपासले होते, आणि जात नसेल तर निरोप परत फिरवला होता. त्याने मापाचा आकार पाहिला, पण आपल्या कणगीत किती मावते ते पाहायचे राहिले. दुरुस्ती केवढी? दोन ठिकाणी एकेक तुलना: नोंदी दोनांहून अधिक असतील तर दोनच घे. एवढ्या ओळीसाठी इतकी वर्षे! मग त्या एका माणसाला शिव्या देऊन हा प्रश्न सुटेल काय?

दुसरे उदाहरण २०२२ च्या ऑक्टोबरातले. लिनक्सच्या वाय-फाय विभागात पाच दोष एकदम जाहीर झाले. त्यांपैकी एकात नक्कल करायच्या मजकुराची लांबी एका बाइटात साठवली जात होती. एका बाइटात २५५ च्या पुढे मोजता येत नाही. २५६ झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे येथे मोजदाद होती, पण मोजणारा काटाच अपुरा होता. तराजू आहे म्हणून निश्चिंत राहू नये, त्याचा काटा किती वजन पेलतो हेही पाहावे, हा त्यातील धडा.

यावर उपाय काय चालले आहेत? उपाय म्हटले की पहिला आवाज येतो तो ‘माणसांना शिस्त लावा’ असा. गेल्या काही वर्षांत लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्या मंडळींनी दुसरा मार्ग धरला, आणि त्याचे आम्हांला कौतुक वाटते. त्यांत केस कुक आणि गुस्तावो सिल्वा ही नावे विशेष आहेत. त्यांनी ठरवले की माप वस्तूबरोबरच बांधायचे.

त्यातील पहिली पायरी ही. सी भाषेत माहितीच्या गठ्ठ्याच्या शेवटी कमी-जास्त लांबीचे कप्पे ठेवण्याची जुनी युक्ती आहे. पूर्वी लोक तेथे ‘एक कप्पा’ किंवा ‘शून्य कप्पे’ असे लिहीत, आणि जागा मात्र हवी तितकी घेत. म्हणजे कागदावर एक, गोदामात पन्नास. या खोट्या नोंदीमुळे कंपायलरला खरे-खोटे कळेना, आणि शेवटचा कोणताही अ‍ॅरे बेमुदत समजून तो गप्प बसू लागला. ज्याला खरोखरच चार कप्पे आहेत त्यालाही कुंपण उरले नाही. १९९९ च्या प्रमाणाने अशा कप्प्यांसाठी रिकामा कंस लिहिण्याची प्रामाणिक पद्धत दिली होती. कर्नलमधील जुन्या नोंदी एकेक करून या पद्धतीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालले, त्यांत वाय-फाय ड्रायव्हरांतील नोंदी पुष्कळ होत्या. २०२३ साली लिनक्सच्या ६.५ व्या आवृत्तीत कंपायलरला सांगता आले, की आता जो आकडा लिहिला आहे तो खरा मान.

दुसरी पायरी त्याहून महत्त्वाची. रिकाम्या कंसाच्या कप्प्यांची संख्या गठ्ठ्यातच दुसऱ्या एका खान्यात लिहिलेली असते. ते नाते कंपायलरला ठाऊक नव्हते. आता ‘काउंटेड बाय’ ही खूण करून ते सांगता येते: या कप्प्यांची मोजणी त्या खान्यात आहे. क्लँग या कंपायलरने ही सोय २०२४ साली दिली, जीसीसीने २०२५ साली. खूण केली आणि तपासणी चालू ठेवली, की काम चालू असतानाच यंत्र स्वतः क्रमांक पडताळते. गोणीवर शेवटी वजनाची चिठ्ठी आली.

पण कुंपण घातले की काम करण्याची रीतही बदलावी लागते. २०२४ साली लिनक्सच्या वाय-फाय विभागात याचा अनुभव आला. आसपासची नेटवर्के धुंडाळण्यासाठी चॅनेलांची एक यादी बनवली जाते. तेथे कप्पे आधी भरले जात आणि संख्या शेवटी लिहिली जाई. नवी खूण आल्यावर यंत्राने शून्याव्या कप्प्यालाच हरकत घेतली. जागा होती; पण चिठ्ठीवर अजून ‘शून्य कप्पे’ होते. दुरुस्ती म्हणजे क्रम बदलणे: आधी संख्या लिहा, मग कप्प्याला हात लावा. आधी मापाची नोंद, मग माल! कोणी म्हणेल की कुंपणाने खोटी ओरड केली. आम्ही म्हणतो, इतकी वर्षे नोंदीआधी माल हलत होता ते कुंपणामुळे उजेडात आले.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप वेगाचा. दर वेळी तपासणी केली तर काम मंदावेल, असे सांगतात. हे वाक्य आम्ही प्रेस मशीनच्या गार्डाबाबतही ऐकले आहे. तपासणी म्हणजे एक तुलना. आणि जेथे क्रमांक मर्यादेत आहे हे आधीच सिद्ध होते, तेथे कंपायलर ती स्वतःच गाळतो. उरते ते थोडे. जेथे खरोखर भार पडतो तेथे मोजून पाहावे. न मोजता गार्ड काढू नये.

दुसरा आक्षेप असा, की मर्यादा ओलांडलेली दिसताच यंत्र थांबवले तर चालू काम बुडते. हा आक्षेप गंभीर आहे, आणि म्हणूनच कर्नलमध्ये दोन्ही सोयी आहेत: इशारा नोंदवून पुढे जाणे, किंवा जागच्या जागी थांबणे. कोठे काय योग्य, हे कामाच्या स्वरूपावर ठरावे. आपल्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. अणुभट्टीची महत्त्वाची मर्यादा ओलांडली तर ती आपोआप बंद व्हावी, अशी रचना तेथे असते. वीज बुडेल म्हणून ही रचना काढून टाका, असे कोणी शहाणा म्हणत नाही.

तिसरा आक्षेप, हे सारे कशाला, नवी भाषाच का वापरत नाही? रस्ट नावाच्या भाषेत कप्प्यांची तपासणी मुळातच आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये तिला जागा मिळाली आहे. तिचे स्वागतच आहे. परंतु कर्नलचा मजकूर तीन कोटी ओळींहून अधिक, आणि त्यातील बहुतेक सी भाषेत. नवी इमारत उभी राहीपर्यंत लोक जुन्या चाळीतच राहणार. तेव्हा तिच्या जिन्याला कठडा नको काय?

बंधुभगिनींनो, आता या सगळ्याचे आपल्याशी नाते काय ते सांगतो. बोइसर-तारापूरच्या वसाहतीत अपघात झाला की पुष्कळदा पहिल्या कागदावर दोन शब्द उमटतात: ‘मानवी चूक’. व्हॉल्व्ह उघडा राहिला, कामगाराची चूक. हात अडकला, कामगाराची चूक. सोळा तास ड्यूटी का होती, गार्ड कोठे होते, हे प्रश्न दुसऱ्या पानावर, आणि दुसरे पान पुष्कळदा लिहिलेच जात नाही. प्रोग्राम लिहिणारा तरुणही याच रांगेतला कामगार आहे. त्यालाही मुदत गाठायची असते, त्यालाही दुसऱ्याने बनवलेले हत्यार वापरावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ साली सांगितले, की त्यांच्या कंपनीच्या प्रणालींत दर वर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या अशा गैरहाताळणीचे असतात. एवढ्या मोठ्या कंपनीतली निवडक हुशार माणसे वर्षानुवर्षे तीच चूक करत असतील, तर ती चूक माणसाच्या स्वभावाची म्हणून सोडून देता येत नाही. ती हत्याराची चूक आहे.

तेव्हा मागणी कोणती करावी? एक: ग्रामपंचायत, नगरपरिषद, शाळा, पतपेढी, कारखाना, यांनी राउटर किंवा बिनतारी कॅमेरा विकत घेताना केवळ किंमत आणि वेग विचारू नये. दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, हे लेखी घ्यावे. कर्नलमधील दोष जगासमोर दुरुस्त होतो. पण आपल्या भिंतीवरील पेटीत बसवलेली प्रत जुनीच राहिली, तर ते गार्ड गोदामात पडून राहिल्यासारखे आहे. दोन: बनवणाऱ्याने मर्यादेची तपासणी केवळ चाचणीच्या वेळी नव्हे, तर विकलेल्या यंत्रातही चालू ठेवली आहे काय, हे विचारावे. यंत्र चालू असेपर्यंत कुंपण जागेवर हवे, हेच ते कलम. तीन: आपल्या जिल्ह्यातील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत सी भाषेच्या पहिल्याच तासाला कप्पा आणि त्याचे माप ही जोडी एकत्र शिकवावी. लिनक्सचा मजकूर वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. पालघरच्या मुलाने किंवा डहाणूच्या मुलीने एखाद्या ड्रायव्हरमधील राहून गेलेली तुलना शोधून पाठवली, तर ती दुरुस्ती साऱ्या जगातील यंत्रांत जाते. असे काम छोटे नव्हे.

आमचे सांगणे एवढेच. ज्या पत्र्याच्या कुंपणासाठी आपल्या आधीच्या पिढ्या भांडल्या, ते दिसत होते. त्याला हात लावून पाहता येत होते. आता यंत्रे शब्दांनी चालतात, म्हणून कुंपणही शब्दांचे झाले आहे. ते दिसत नाही, पण ते काढले की तुटणारे बोट खरेच असते. त्याच्याबद्दल विचारण्याचा आपला हक्क शब्द अपरिचित आहेत म्हणून सोडून देऊ नये.